अनामिकेचा उतारा

३ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावर माझं नाव टाइप केलेलं होतं, त्यामुळे कुठल्यातरी कचेरीचं असेल असं वाटलं. ते तसंच फडताळावर टाकून मी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसलो. सात वर्षांनी लेकीचं पत्र यावं आणि बापानं आधी आडवे शब्द संपवावेत, हे तुझ्या माझ्याबद्दलच्या मताला धरूनच झालं.

'फोन करू नका. बोलण्यात तुम्ही नेहमी जिंकता. जे सांगायचं ते लिहून सांगा, म्हणजे मला दोनदा वाचता येईल,' असं तू लिहिलंयस. मान्य. चौतीस वर्षं कॉलेजातल्या मुलांना 'तोंडी नको, लिहून दे' असं बजावत आलो, आता माझ्यावर पाळी आली.

आईची तब्येत तू विचारलीस. अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले. उजवा पाय थोडा उचलते, उजवा हात नाही. बोललेलं बरंचसं कळतं असं डॉक्टर म्हणतात, पण बोलता येत नाही आणि लिहिताही येत नाही. तोंडात एकच शब्द राहिलाय, 'हो.' पाणी हवं का? हो. दुखतंय का? हो. सकाळी कामाला मावशी येतात, त्या आंघोळ घालतात. बाकीचं माझ्याकडे. वेणी घालायला शिकलो. तीन पेडांत चूक झाली की ती खालपर्यंत तशीच जाते, मध्येच दुरुस्त होत नाही. तर्कशास्त्र शिकवताना हे उदाहरण हाताशी असतं तर बरं झालं असतं.

आता तुझा मुद्दा. तुझ्या गावी ते उपचार केंद्र आहे, तिथे रोज दोन वेळा बोलण्याचे धडे देतात, तुझी खोली तिथून चालत दहा मिनिटांवर आहे, तू गोदीच्या ऑफिसातून लवकर सुटू शकतेस, आणि खाट अठ्ठावीस तारखेपर्यंतच राखून ठेवलेली आहे. हे सगळं वाचलं. इथल्या इस्पितळातून तिला तिकडे पाठवायचा फॉर्म लागतो आणि त्यावर नवऱ्याची सही लागते, हेही वाचलं. 'तुम्ही फक्त सही करा,' हे वाक्य तू अधोरेखित केलंयस. त्याची गरज नव्हती.

मी तुझ्या आईला सरळ विचारलं. 'तुला इथंच राहायचंय ना?' ती म्हणाली, 'हो.' खिडकीकडे बघत, शांतपणे म्हणाली. तिच्या मर्जीविरुद्ध मी काही करणार नाही, आणि तूही करू नयेस. विषय इथे संपावा.

तुझे
बाबा

८ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझं पत्र म्हणजे एकच ओळ. 'मुलीकडे जायचंय ना, असं विचारून बघा आणि काय म्हणते ते खरं लिहा.'

विचारलं. 'हो' म्हणाली.

मग मी म्हटलं, जरा नीट तपासून बघू. 'आज रविवार आहे का?' हो. 'आज बुधवार आहे का?' हो. 'मी गाढव आहे का?' हो. हे शेवटचं मात्र विचार करून म्हणाल्यासारखं वाटलं, आणि डावा ओठ जरा वरही गेला.

मंगळवार-शुक्रवारी वाचाउपचारवाल्या बाई येतात. तिशीच्या आहेत, पायात कॅनव्हासचे बूट, आल्या आल्या आईशी बोलतात आणि मग माझ्याशी, उलटं नाही. त्यांना मी हा प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, 'सर, ते त्यांचं उत्तर नाही. जिभेवर उरलेला आवाज आहे. तुम्ही तो उत्तर म्हणून घेऊ नका.' मी म्हटलं, मग विचारायचं कसं? तर म्हणाल्या, 'प्रत्येक प्रश्न सुलटा विचारा, मग उलटा विचारा. आणि शक्य तिथे चित्रं ठेवा समोर. डावा हात चांगला आहे त्यांचा.'

तेव्हा मागच्या पत्रातलं माझं विधान मागे घेतो. 'इथंच राहायचंय ना' हा प्रश्नच नव्हता, 'हो' काढून घ्यायची ती चिमटी होती. पहिल्या वर्षाच्या मुलानं असा पुरावा दिला असता तर मी पेपरावर भोपळा काढून दिला असता.

बाईंनी चित्रांचा एक फळा दिलाय. पेला, कमोड, पांघरूण, गोळी, दुखरं डोकं. त्यात 'जायचंय' असं चित्र नाही आणि 'राहायचंय' असंही नाही. त्यांनी मलाच कार्डं बनवायला सांगितलंय. एकावर हे घर, एकावर तू. तुझा एक फोटो हवाय, अलीकडचा. माझ्याकडचे सगळे दोन वेण्यांचे आहेत.

घाई करू नकोस. हे काम सावकाशीचं आहे.

बाबा

१३ फेब्रुवारी

चि. मुलीस,

फोटो मिळाला. केस कापलेस. आईला दाखवला तेव्हा तिनं तो डाव्या हातात घेतला आणि जेवण होईपर्यंत सोडला नाही. भाताचं एक शीत त्यावर पडलं, ते तिनं स्वतः काढलं.

कार्डांचं अजून नक्की सांगता येत नाही. निष्कर्ष संदिग्ध आहेत.

दुसऱ्याच एका बाबतीत तुझी मदत हवी आहे. कॉलेजच्या तत्त्वज्ञान विभागाला पन्नास वर्षं होतायत आणि सध्याच्या विभागप्रमुख, म्हणजे माझीच एक जुनी विद्यार्थिनी, माझ्या टिपणांची पुस्तिका छापतायत. 'तत्त्वज्ञ आणि स्त्री' हे टिपण. तुला आठवत असेल, घरात त्याच्या कागदांच्या होड्या करून तू मोरीत सोडायचीस.

ते टिपण म्हणजे माझा हुकमी एक्का होता. पहिला तत्त्वज्ञ म्हणतो, स्त्री म्हणजे घडता घडता अर्धवट राहिलेला पुरुष. मुलं त्याला 'अर्धवटराव' म्हणायची. त्याच्या गुरूचं म्हणणं वेगळं, राखणीला कुत्रा ठेवताना आपण मादीला पिल्लं सांभाळायला घरी बसवतो का, मग राज्य राखायला बायका का नकोत? इथे मुली टाळ्या वाजवायच्या, आणि आपली तुलना कशाशी झाली हे त्यांच्या नंतर लक्षात यायचं. तिसरा म्हणतो, मुलीला शिकवायचं ते पुरुषाला सुख व्हावं म्हणून. यानं मुलं कशी वाढवावीत यावर जगाला शहाणपण शिकवलं आणि स्वतःची पाचही अनाथालयात सोडली. चौथा म्हणतो, इतकी विद्वत्ता मिरवणाऱ्या बाईनं दाढीच का ठेवू नये? त्याला मुलं 'दाढीवाला' म्हणायची. पाचवा त्यातल्या त्यात माणूस, बायकोबरोबर बसून विचार करायचा आणि तसं लिहूनही ठेवायचा.

आणि सगळ्यात शेवटी अनामिका. तिचा उतारा तुलाही पाठ असेल:

'या सर्वांनी स्त्री काय आहे हे सांगितले. ती काय म्हणते, हे एकानेही तिला विचारल्याचे दिसत नाही. जिला विचारलेच नाही तिच्या गप्प बसण्याला संमती म्हणणे हा विचारातला आळस आहे. हा आळस ज्याला सोयीचा पडतो, तोच त्याला निसर्ग म्हणतो.'

अठ्ठावीस वर्षं हा उतारा मी शिकवला. तास संपताना हळू आवाजात वाचायचो, की वर्ग चिडीचूप. परीक्षेत हमखास, 'अनामिकेच्या मताचे परीक्षण करा, गुण दहा.' एकदा एका परिसंवादात कुणीतरी उभा राहून विचारलं, हे मूळ कुठलं? मी म्हटलं, दुर्मिळ आहे, भाषांतरातून घेतलंय. तो बिचारा खाली बसला. मी असं बोललो की माणसं खाली बसतात.

आता विभागप्रमुख म्हणतात, 'सर, बाकी सगळ्यांचे संदर्भ मिळाले, फक्त अनामिकेचा द्या.' मी घरातलं एकूण एक पुस्तक खाली काढलं. पाच दिवस झाले, हा उतारा कुठेच नाही. टिपणाच्या प्रती काढायला आई स्टेन्सिली टाइप करायची, तेव्हा तू आठ-नऊ वर्षांची असशील, तिच्या शेजारी बसलेली असायचीस. ती टाइप करत असताना माझ्यापुढे कुठलं पुस्तक असायचं, काही आठवतं का?

बाबा

२० फेब्रुवारी

चि. मुलीस,

'आईला विचारा.' तीन अक्षरं आणि तीन अक्षरं. तुला ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारत नाही.

काल टाइपरायटरची पेटी माळ्यावरून मावशींनी काढून दिली. झाकणाच्या आतल्या कप्प्यात तुझ्या शाळेच्या सहलीचं पत्रक होतं, तिसरी इयत्ता, आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूला तो उतारा. एकदा नाही, पाचदा. पहिल्यात 'आळस' नव्हता, 'खोटेपणा' होता. त्यावर एक्सांची रांग. दुसऱ्यात 'भित्रेपणा'. तोही खोडला. तिसऱ्यात 'आळस' आला आणि मग तो राहिला. 'निसर्ग' शेवटच्या खेपेला आलाय. तो शब्द सापडल्यावर तिनं खाली नुसत्या टिंबांची एक ओळ मारली आहे, खूश झाल्यासारखी.

मला सगळं आठवलं, म्हणजे आठवलं असं वाटतं. मी सांगायचो आणि ती टाइप करायची. त्या संध्याकाळी पाचवा संपवून मी उठलो, कुठेतरी मीटिंग होती. 'शेवटी उत्तर देणाऱ्या एखाद्या लेखिकेचा उतारा घालायचाय, जागा सोड, सकाळी सांगतो,' म्हणालो. सकाळी मी उठायच्या आत कॉलेजचा शिपाई स्टेन्सिल घेऊन गेला. अर्धी स्टेन्सिल कोरी जायला नको म्हणून तिनं भरून टाकली. मी ती पहिल्यांदा वाचली वर्गात, सायक्लोस्टाइलच्या ओल्या प्रतीवर, साठ मुलांसमोर. आणि मला काय वाटलं सांगू? इतकं चांगलं आहे त्या अर्थी मीच कुठूनतरी काढलं असणार. एका मुलानं विचारलं, 'कुणाचं, सर?' मी म्हटलं, 'एका अनामिकेचं.' तिथून ते नाव पडलं.

त्या दिवशी जेवताना तिनं विचारलं होतं, 'शेवटचा उतारा मुलांना कळला का?' मला वाटलं शाई पुसट आलीय का असं विचारतेय. मी म्हटलं, 'कळायला वेळ लागेल, जरा जड आहे.' ती हसली आणि मला वाढलं. पुढची अठ्ठावीस वर्षं त्यावर आमचं बोलणं नाही.

आज सकाळी पत्रक घेऊन तिच्यासमोर बसलो. सुलटं विचारलं, 'हे तू लिहिलंस?' 'हो.' मग बाईंनी शिकवलं तसं उलटं विचारलं, 'हे दुसऱ्या कुणी लिहिलंय?'

ती काही बोलली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं प्रश्नाला 'हो' म्हटलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा गप्प. आज मंगळवार नव्हता तरी मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, 'सर, हे फार चांगलं लक्षण आहे. त्यांचा नकार सापडला तुम्हाला.' बाई आनंदात होत्या. मी रिसिव्हर ठेवला आणि मला रडू आलं. मावशींसमोर आलं, त्यामुळे लपवताही आलं नाही.

आता लिहितोच आहे तर त्या फॉर्मबद्दलही लिहितो, ज्यावरून तू घर सोडलंस. तुझ्या आईनं पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं, माझ्याच विषयात. फॉर्मवर विभागप्रमुखाची सही लागायची. विभागप्रमुख मी. तिनं चहाच्या कपाखाली ठेवून मला तो दिला. मी म्हटलं, 'घरात एक तत्त्वज्ञ पुरे की गं,' आणि तीसुद्धा हसली. मी सही केली नाही. टेबलाच्या डाव्या खणात ठेवला आणि मुदत उलटल्यावर सांगितलं, पोस्टात उशीर झाला, पुढच्या वर्षी बघू. तुला तो फॉर्म मिळाला तेव्हा तू मला विचारलंस, 'का?' आणि मी तुला तासभर काय काय सांगितलं. त्यातलं एकही कारण नव्हतं. अभ्यासासाठी माझ्या वर्गातही येऊन ती पहिल्या बाकावर बसेल, माझं बोलणं ऐकेल आणि तिला कळेल की मी वाटतो तेवढा नाही, याची मला भीती वाटली. इतकंच होतं. ते तिला तोवर कळलेलंच होतं हे मला आज कळलं.

बाबा

२३ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

लहानपणी तुला याच नावानं हाक मारायचो. आता मारू का नको, माहीत नाही. मारली.

तू विचारलंस, 'कार्डांचं काय झालं? संदिग्ध म्हणजे काय?'

संदिग्ध काहीच नव्हतं.

कार्डं बारा तारखेलाच तयार होती. एकावर आपल्या घराचं दार काढलं होतं, मला जमेल तसं, आणि एकावर तुझा फोटो चिकटवला. बाई समोर होत्या. त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवून विचारलं, 'कुठे राहायचं?' आईनं डावा हात उचलला आणि तुझ्या फोटोवर ठेवला. बाईंनी कार्डांच्या जागा बदलल्या. हात पुन्हा तुझ्यावर. मी म्हटलं, 'फोटो आहे म्हणून ठेवत असेल. दार चांगलं आलेलं नाही.' बाई म्हणाल्या, मग आपण दुसऱ्या दिवशी बघू.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं विचारलं. या वेळी घराच्या कार्डावर माझा फोटो लावला, निवृत्तीच्या समारंभातला, हारासकट. तिनं दोन्ही कार्डं बराच वेळ पाहिली. मग माझा फोटो डाव्या हातानं उचलला, माझ्या हातात दिला आणि पंजा तुझ्यावर ठेवला. रागानं नाही गं. एखादी वस्तू ज्याची त्याला परत करावी तसा दिला.

मी तुझं कार्ड उचललं आणि डाव्या खणात ठेवून दिलं. त्याच खणात. मग तुला पत्र लिहायला बसलो आणि लिहिलं, निष्कर्ष संदिग्ध आहेत. शुक्रवारी बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनाही सांगितलं की कार्ड हरवलं.  त्या दिवशी जाताना त्यांनी आईचा निरोप घेतला आणि माझा घेतला नाही.

मी असा आहे. पाच तत्त्वज्ञांच्या चुका मी चौतीस वर्षं खडूनं फळ्यावर काढून दाखवल्या आणि त्यातला प्रत्येक माझ्या घरात पाटावर बसून जेवून गेला. पाचवा तेवढा आला नाही.

तू म्हणशील, तुम्ही छान लिहिता, बाबा, पण सही? करतो. खण उघडलाय, कार्ड बाहेर काढलंय, आईच्या हातात दिलंय. परवा इस्पितळात फॉर्म सांगून आलो, अठ्ठावीसला सकाळी मोठे डॉक्टर सही करून ठेवतील, मग माझी. केंद्राची गाडी त्याच दिवशी येतेय, बरोबर त्यांची परिचारिका आहे. गाडीत आणखी एकाला जागा असते का असं मी त्यांना विचारलं. नसते म्हणाले. तुला विचारलं नाही, तू उत्तर द्यायच्या पेचात पडू नयेस म्हणून.

तिला जावंसं वाटतंय म्हणून मी सही करतोय की आपण कसे सुधारलो हे तुला दाखवायचंय म्हणून, हे मला आतून तपासता येत नाही. तू तपास. मला आत्ता फक्त एवढं कळतंय की अठ्ठावीसनंतर सकाळी वेणी घालायला कुणी नसेल, आणि मला त्याची भयंकर भीती वाटते.

बाबा

२८ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

हे पत्र आईच्या बॅगेत, वरच्या कप्प्यात ठेवतोय. मी इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय, मांडीवर तिची फाईल घेऊन. गाडी तासाभरात येईल. तेव्हा हे वाचशील तोवर ती तुझ्याजवळ असेल.

आधी बॅगेतलं. चार गाउन, दोन शाली, गोळ्यांची डबी. गोळ्यांच्या वेळा झाकणावर चिकटवल्यात. उजव्या कुशीवर झोपवू नकोस, हात दबतो. केस ओले असताना विंचरलेले तिला आवडत नाहीत. चहा कोमट दे, पण कपात, पेल्यात नाही. पेला दिला की तोंड फिरवते. ती गप्प राहिली की 'नाही' समज. हे तिथल्या लोकांना पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर ते तिच्या 'हो'वर सगळं उरकून टाकतील. माझ्यासारखे.

सहलीचं पत्रकही घातलंय, प्लॅस्टिकच्या पाकिटात. ते तुझ्याकडे राहू दे.

पुस्तिकेचं राहिलं. मी विभागप्रमुखांना तुझ्या आईचं पूर्ण नाव, माहेरच्यासकट, लिहून पाठवलं होतं. काल त्यांचा फोन आला. फार हळहळल्या, खरंच हळहळल्या. पण पानं छापून झालीत म्हणे. तिथे 'अनामिका' असंच गेलंय. म्हणाल्या, 'पुढच्या आवृत्तीत नक्की बघू, सर.'  हे वाक्य मीच त्यांना शिकवलेलं असणार.

आता सहीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे पत्र बंद करणार नव्हतो.

सकाळी दहाला खिडकीशी गेलो. आई चाकाच्या खुर्चीत, मी मागे. कारकून चांगला माणूस होता, पन्नाशीचा, त्यानं स्वतः खुर्ची आत घ्यायला दार धरलं. फॉर्म समोर ठेवला. वर मोठ्या डॉक्टरांची सही, खाली चौकोन, 'रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती.' मी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, आणि आईनं डावा हात पुढे केला.

मला वाटलं हात धरायचा असेल. तिनं पेन घेतलं. माझ्या हातातून ओढूनच घेतलं म्हण. फॉर्म डाव्या कोपरानं दाबून धरायला जात होती, तो सरकत होता, म्हणून मी तो धरला. तिनं चौकोनात रेघ मारली. वाकडी, थोडी वर चढणारी, मध्ये एकदा थांबून पुन्हा पुढे नेलेली. तिला काही अक्षर काढायचं होतं का, मला सांगता येणार नाही. चार महिन्यांत तिनं कागदावर काढलेली ती पहिली गोष्ट. मी मोठ्यांदा म्हटलं, 'वा!' रांगेतले लोक वळून बघायला लागले.

कारकून म्हणाला, 'अरे अरे, आजोबा, हे काय करू दिलं? या चौकोनात पेशंटचं काही चालत नाही. फॉर्म बाद होईल.'

मी म्हटलं, 'ती जाणार आहे. तिनं सही केली आहे.'

'मला कळतंय हो. पण वरचे लोक परत पाठवतील. नवऱ्याची सही लागते.'

'मग नवा फॉर्म द्या. ही राहू दे, दुसऱ्यावर मी करतो.'

'नव्यावर परत मोठ्या डॉक्टरांची सही लागणार. ते सकाळीच गावाला गेले, सोमवारी येतील.'

सोमवारपर्यंत खाट राहणार नाही हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं, आणि खुर्चीत बसलेल्या बाईलाही माहीत होतं. मी बोलायला लागलो. मी काय काय बोललो, खारे! संमती म्हणजे काय, व्यक्ती म्हणजे काय, सगळं बोललो. आवाजही लागला होता छान. मागून कुणीतरी म्हणालं, 'आजोबा, आवरा की, आम्हीपण उभे आहोत.' कारकून खाली बसला नाही. तो उभाच होता. ऐकून घेतलं त्यानं सगळं आणि मग खणातून व्हाइटनरची बाटली काढली. 'यावर लावतो थोडं, तुम्ही वरून करा. एवढं मी सांभाळून घेतो.' उपकारच करत होता तो माझ्यावर.

त्या बाटलीला स्टेन्सिलवरच्या करेक्शन फ्लुइडसारखाच वास होता. आईच्या बोटांना तो कायम असायचा. तिनंही तो ओळखला असणार, कारण तिनं नाक वर केलं.

त्यानं छोट्या कुंचल्यानं तिची रेघ डावीकडून उजवीकडे झाकत नेली. मी थांबवलं नाही. कागद त्याच्या बाजूला होता, खाट तुझ्या गावी होती आणि गाडी वाटेत होती. ओल्यावर पेन चालेना, म्हणून मी वाकून त्यावर फुंकर घातली. वाळेपर्यंत चांगला वेळ गेला. पांढऱ्याखाली तिची रेघ अजून जराशी उमटून दिसत होती. मी त्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं. वळणदार, बोर्डावर लिहायचो तसं. कारकून म्हणाला, 'झालं बघा.'

ती सगळं बघत होती. मला तिच्याकडे बघणं भाग होतं, खुर्ची वळवायची होती ना. आणि जुन्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं, 'चालेल ना गं?'

'हो,' ती म्हणाली.

उलटा प्रश्न विचारायचं मला धाडस झालं नाही. ती गप्प बसली असती तर मी काय करणार होतो?

गाडी आली वाटतं. उठतो.

बाबा